मोहाखालचे सवाल

गुणाबाईला गावात सगळे वाघाच्या छातीची बाई म्हणत. म्हणणारे बहुतेक पुरुष असत, आणि त्यांतला एकही चैताच्या पहाटे मोहाच्या झाडाखाली फुलं वेचत वाकून बसलेला नव्हता. मी तिच्या हाकेच्या अंतरावर बसत असे, म्हणून हे ऐकलं की माझं डोकं फिरे. तिच्याइतकी भित्री बाई मी जन्मात पाहिली नाही. रानात निघायच्या आधी ती घराच्या मागे जाऊन ओकून येई. टोपली दोन्ही हातांनी पोटाशी धरी, कारण एका हातात धरली की हात कापतो हे लोकांना दिसलं असतं. हे मी तिला कमी लेखायला सांगत नाही. तिची सगळी गाणी ह्या भीतीतून आली, आणि ती भीती पुसून नुसती गाणी मिरवणाऱ्यांचा मला संताप येतो.

मी ब्रह्मपुरीची. स्वातंत्र्याला चार-पाच वर्षं झाली असतील तेव्हा तळोधीच्या पलीकडे, अगदी डोंगराला चिकटलेल्या ह्या गावात सून म्हणून आले. चौथी शिकलेली होते. सासूने पहिल्याच फाल्गुनात हातात टोपली दिली आणि म्हणाली, "बुकं शिकली तं शिकली, मोहा वेचाले वाकाच लागते."

मोहाचं फूल पहाटे गळतं. ऊन चढायच्या आत आणि हरणं-अस्वलं यायच्या आत ते वेचून घ्यावं लागतं. वाळवून ठेवलेला मोह पावसाळ्यात पोटाला आधार होई, उरलेला बाजारात जाई, तेव्हा न जाऊन भागत नसे. रानातली झाडं घराघरांत वाटलेली. हे पाटलाचं, हे भोयराचं, असं आज्या-पणज्यापासून चालत आलेलं. त्यामुळे बाया घरून घोळक्याने निघत, पण रानात पोचल्यावर जी ती आपापल्या झाडाखाली जाई, आणि दोन झाडांच्या मध्ये झुडपं, बांबूची बेटं, नाल्याची वळणं. प्रत्येक बाई एकटी आणि वाकलेली. वाकलेलं माणूस वाघाला माणूस वाटत नाही, असं आमच्याकडे सगळेच सांगतात. रानात त्याचं नाव मात्र कोणी घ्यायचं नाही. घेतलं की तो ऐकतो.

म्हणून बाया गात. गाणं चालू असलं की जनावर लांब राहतं आणि मनालाही बरं वाटतं. मी यायच्या बऱ्याच वर्षांपूर्वी गाण्यात सगळ्यांत पुढे गुणाबाई असे. आवाज खणखणीत, नाल्यापलीकडे जाणारा. तिची धाकटी बहीण सोमारी तिच्याच दिराला दिलेली. दोघी बहिणी एका घरात जावा होऊन नांदत होत्या, आणि सोमारीची पोर चंदा तेव्हा नुकती पावलं टाकायला लागली होती. त्या चैतात एका पहाटे बाया एक जुनं लांबलचक गाणं म्हणत होत्या. गुणाबाई ओळ उचले आणि बाकीच्या सगळ्या मिळून ध्रुपद घेत. गाणं फार रंगलं होतं म्हणतात. संपलं तेव्हा ऊन वर आलं होतं. बाया टोपल्या घेऊन वाटेवर जमल्या आणि सोमारी आली नाही. तिच्या झाडाखाली अर्धी भरलेली टोपली तेवढी होती.

सोमारी कितव्या कडव्याला गप झाली हे कोणालाच सांगता आलं नाही. सगळ्या मिळून गात असताना एक आवाज कमी झाला तर कळणार कसं? गुणाबाईला तर मुळीच कळणार नव्हतं, कारण सगळ्यांत मोठा आवाज तिचा होता. लोकांनी वाघाला दोष दिला. तिने आपल्या गळ्याला दिला.

सोमारीचा नवरा पुढे माजरीच्या खाणीत कामाला गेला तो तिकडचाच झाला. चंदा गुणाबाईकडे राहिली. ती तिला मोठीमाय म्हणे. गुणाबाई एक वर्ष रानात गेली नाही. दुसऱ्या वर्षी गेली ती नवीन रीत घेऊन. सगळ्यांनी मिळून गायचं बंद. ती एकेकीचं नाव घेऊन सुरात सवाल टाकणार, आणि जिचं नाव आलं तिने एकटीने, त्याच सुरात, आपल्या मनाने जवाब द्यायचा. जवाब आला नाही तर सगळ्यांनी टोपल्या टाकून तिच्या झाडाकडे पळायचं. सवाल रोज नवा. जुना सवाल आला की जुना जवाब तोंडातून आपोआप निघतो, माणूस जागं असो की नसो. नव्या सवालाला डोकं लावावं लागतं, आणि डोकं लावणारी बाई कान टवकारून बसते.

"सुकरी वो बाई, तुही टोपली काऊन रुसली?" असं ती टाकी.

लांबून सुकरी म्हणे, "मोहा पडला थोडा, म्हनून कोपऱ्यात बसली."

मग कोणाच्या सासूवर, कोणाच्या नवऱ्याच्या घोरण्यावर, कोणाच्या हरवलेल्या जोडव्यावर. हसून हसून पोट दुखे. रोज एवढे सवाल आणायचे कुठून, याचं मला फार नवल वाटे.

माझ्यावर पहिला सवाल आला तो असा: "बुकवाली वो बुकवाली, तुह्या बुकात मोहा किती?" मी चांगलं यमक जुळवायला बसले. शिकल्याचा माज, दुसरं काय. मनात ओळ घोळवते आहे तोवर झुडपं मोडल्याचा आवाज झाला आणि गुणाबाई कुऱ्हाड घेऊन समोर उभी. तोंड पांढरंफटक, तिच्यामागे साऱ्या बाया.

मी धडधाकट दिसल्यावर ती खाली बसली.  मग म्हणाली, "सुचत नसंन तं शिवी दे. पन गप नको राहू, माय."

मला लाज वाटली. दुसऱ्या दिवशी मी "बुकात नाई, सारा माह्या हाती" असं काहीतरी ओरडले आणि तिने ते मोठ्या मनाने चालवून घेतलं.

एकदा मोह वाळत घालताना मी विचारलंच, "गुणाबाई, तुम्हाला हे सुचतं कसं?"

"भेवानं," ती म्हणाली. "झोपली का सोमारीचं झाड दिसते. मंग झोप नाई येत. मंग उद्या कोनाले काय इचारू, थे जुळवत पडतो. त्यात काय हाय?"

तिला त्यात खरंच काही वाटत नव्हतं. वाटलं ते लटारूला.

लटारू आमच्या गावच्या दंडारीचा, म्हणजे नाच-गाण्याच्या खेळाचा, म्होरक्या. दिवाळीनंतर गावोगाव मंडईची जत्रा भरते, तिथे त्याची दंडार उभी राही. स्वतः लुगडं नेसून नाचे आणि नाचेही छान, हे कबूल करायला हवं. त्याला ह्या सवाल-जवाबांची भूल पडली. त्याने गुणाबाईकडे मागितले, ती नाही म्हणाली. रानातली गोष्ट आहे, रानातच राहू दे, म्हणाली. पण तिचा नवरा नानाजी दंडारीत ढोलकी वाजवायचा. बायकोच्या तोंडून पुटपुटलेलं त्याने वर्षानुवर्षं ऐकलेलं, ते सगळं त्याने लटारूला देऊन टाकलं. त्यात त्याचा काही काळा हेतू नव्हता. बायकोचं कौतुक व्हावं एवढंच. पुरुषांना कौतुक करायचं असलं की ते विचारत नाहीत.

आमचा जिल्हा नुकताच मुंबई राज्यात गेला होता म्हणे, त्याच साली मंडईत ती दंडार झाली. लटारूने प्रत्येक सवालाला आपला जवाब घट्ट बांधला होता, आणि शेवटचं अर्धं सगळ्यांनी मिळून उचलायचं. सुकरी, चंदा, बुकवाली, सगळ्यांची नावं त्यात. लोक वेडे झाले. आठ दिवसांत आसपासच्या गावांतल्या पोरीबाळी विहिरीवर तेच म्हणायला लागल्या. आमच्या चंदाला तर आपलं नाव गाण्यात आल्याचा केवढा आनंद. ती तेव्हा लग्नाच्या वयाची झाली होती, रंगाने सावळी, हसरी, आणि येत्या फाल्गुनात पहिल्यांदा एकटीने झाड सांभाळणार होती. झाड तिच्या आईचं.

गुणाबाई मंडईला आली नाही. घरी आलेल्या लटारूला एवढंच म्हणाली, "भाऊ, आता हे सवाल मले कामाचे नाई राह्यले."

लटारूला वाटलं, बाईला मान कमी पडला. त्याने पुढच्या खेपेला तिचं नाव आधी पुकारायचं कबूल केलं.

त्याच हिवाळ्यात एका शिकारी साहेबाने पलीकडच्या डोंगरात एक मोठा वाघ मारला. बैलगाडीवर घालून गावोगाव फिरवला. बायांनी त्याच्यावर थुंकून घेतलं, काहींनी हळद-कुंकूही वाहिलं. गुणाबाई गाडीजवळ गेली आणि कितीतरी वेळ त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली. त्या रात्रीपासून तिला झोप लागायला लागली. चेहरा भरला. पाहून बरं वाटे.

पण फाल्गुन लागला आणि तिला सवाल सुचेना.

"कसं करू वो बुकवाली," ती मला वाटेत म्हणाली, "झोप मस्त लागून राह्यली, अन् सकारी पाहतो तं डोकं रिकामं." तिला ह्याचं हसू येत होतं आणि अवघडही वाटत होतं. पहिले काही दिवस तिने कसेबसे दोन-चार काढले. ते तिलाच कंटाळवाणे वाटले. पोरी म्हणाल्या, "मोठीमाय, दंडारीतले म्हना ना. थे आमाले येतात." सगळ्यांनीच आग्रह केला. वाघ मेला होता. मीही म्हटलं, म्हणा. ती हो म्हणाली.

त्या सकाळी तिने लटारूच्या चालीत सुकरीला सवाल टाकला. सुकरीने लटारूचा जवाब दिला आणि शेवट सगळ्या पोरींनी उचलला. मग माझा. मग चंदाचा. "चंदा वो पोरी, तुही वेनी कोनी घातली?" आणि जवाब सगळीकडून आला, सुरेल, मोठ्याने, हसत: "मोठीमायनं घातली, फुलं मोहाची माळली." रान नुसतं भरून गेलं. मीही म्हणत होते.

पुढचा सवाल आला नाही.

"चुप," गुणाबाई ओरडली. "साऱ्या चुप बसा."

सगळं थांबलं. मग नाल्याच्या बाजूला एक वानर खाकरलं, पुन्हा खाकरलं. जनावर दिसल्याशिवाय ते असं खाकरत नाही.

"चंदा," गुणाबाईने हाक मारली. सूर नव्हता हाकेत. जवाब नाही.

बाया पळत तिच्याकडे जमल्या. चंदाचं झाड नाल्याजवळ, मध्ये बांबूचं मोठं बेट, आणि वाट बेटाला लागून. गुणाबाईचे हात इतके कापत होते की कुऱ्हाड माझ्याकडे दिली. तिने सुकरीला गावाकडे पिटाळलं, माणसांना घेऊन यायला. बाकीच्यांना एकमेकींना धरून उभं राहायला सांगितलं आणि स्वतः वाटेला लागली. मी मागून तिचा पदर धरून चालले. शौर्य नव्हतं ते, पदर सोडून एकटं उभं राहायची हिंमत नव्हती एवढंच.

आणि ती गायला लागली. इतक्या दिवसांत न सुचलेलं सगळं तिच्या तोंडून यायला लागलं, एकामागून एक, थांबायचं नाव नाही.

"चंदा वो पोरी, मोहा सांडला का टोपली?
सांडला तं सांडू दे, तू सांग कुठी लपली?"

थांबून ऐकलं. काही नाही.

"पायात काटा मोडला का, केस गुंतले जाळीत?
मी येऊन राह्यली माय, तू बोल तुह्या बोलीत."

आवाज फाटत होता.  पुढच्या ओळी मी विसरले. त्या चांगल्या होत्या की वाईट, हे त्या वेळी कोणाच्या डोक्यात असणार. एकेक ओळ टाकायची, ऐकायचं, पाऊल टाकायचं. बेट अगदी पुढ्यात आलं.

तेव्हा वरून, मोहाच्या फांद्यांतून, एक बारीक आवाज आला. सुरात होता, पण धड नाही. मध्ये श्वास तुटत होता.

"मोठीमाय वो मोठीमाय, वाट सोडून दे.
बेटात पाव्हणा बसला आहे, त्याले बसू दे."

गुणाबाईचं उचललेलं पाऊल तसंच मागे आलं. मी बेटाकडे पाहिलं. मला बांबूच दिसले, बाकी काही दिसलं नाही. पण वास आला. आम्ही तोंड तिकडेच ठेवून मागे मागे सरकलो, आणि ती सरकता सरकता गात राहिली, आता पाहुण्यालाच उद्देशून, आदराने, बस बाबा, ऊन होईस्तोवर बस, आमी तुले उठवत नाई. चंदा वरून तुटक्या आवाजात साथ देत राहिली. एवढं सोपं, एवढं कसंतरी जुळवलेलं गाणं मी कधी ऐकलं नाही.

माणसं डबे आणि ढोलकी वाजवत आली. तो बेटातून निघून नाला ओलांडून गेला. नानाजीने चंदाला झाडावरून उतरवलं. हात-पाय सोलवटले होते, बाकी काही नाही. नानाजी रडत होता. गुणाबाई रडली नाही. तिने पोरीचं तोंड दोन्ही हातांत धरून विचारलं, "आदी काऊन नाई बोलली? इतक्या हाका मारल्या मी."

"घसाच फुटेना," चंदा म्हणाली. "झाडावर चढली, अन् तो खाली आला. तुमी साऱ्या गाऊन राह्यल्या होत्या. मले वाटलं मेली मी आता. तोंड उघडलं तं आवाजच नाई निघे." ती थांबली. "मंग तुहा आवाज बेटाकडून आला. तुले तो दिसत नोता. मले दिसून राह्यला होता. मंग आपोआप निघालं, मले नाई मालूम कसं."

त्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. स्वतःच्या जिवाच्या भीतीने पोरीचा घसा मिटला होता, आणि तोच घसा दुसऱ्याच्या जिवाच्या भीतीने उघडला. गुणाबाईलाही बारा-पंधरा वर्षं जे सुचत होतं ते असंच सुचत होतं. ती एकदाही स्वतःसाठी भ्यालेली मी पाहिली नाही. तिला छातीची बाई म्हणणाऱ्यांना हे कधी समजलं नाही आणि समजावून घेण्याची त्यांना गरजही नव्हती.

लटारू चार दिवसांनी आला. अंगणात चप्पल काढून, हात जोडून बसला. पाव्हण्याची ओळ त्याला हवी होती. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खरं होतं. माणूस वाईट नव्हता. चंदा आत तांदूळ निवडत होती. तिने तिथूनच सांगितलं, "लटारूभाऊ, थे गानं नोय. थे मी मोठीमायले सांगून राह्यली होती." तो चहा न घेताच उठून गेला. पुढच्या मंडईत त्याने जुने सवालही घेतले नाहीत. त्याबद्दल मी त्याला मानते.

गुणाबाईची झोप पुन्हा गेली. चेहरा उतरला. सवाल मात्र परत आले, पूर्वीसारखेच रोज नवे. तरी तिचा आवाज त्या दिवसापासून फाटला तो फाटलाच. नाल्यापर्यंत पोचेना. पुढच्या वर्षी तिने स्वतःच चंदाला सांगितलं, "आता तू म्हन."

चंदा नको नको म्हणत होती. शेवटी कबूल झाली. त्या फाल्गुनात पहिल्या दिवशी आम्ही आपापल्या झाडांखाली पसरलो. पहाटेचं धुकं होतं. चंदाने सुरुवात केली. आवाज मोठा नव्हता, पण स्वच्छ होता. सुकरीला तिने कोंबडीवरून छेडलं, मला नवऱ्याच्या पगडीवरून. सगळ्यांचं झालं. आमच्या सवयीने संपलं असं वाटून मी वाकले.

तेव्हा तिने पुन्हा सूर धरला.

"मोठीमाय वो मोठीमाय, तुही टोपली भरली का?
साऱ्याइले इचारता इचारता तू थकली का?"

माझा हात फुलावरच थांबला. इतकी वर्षं आम्ही तिच्या सवालांना जवाब देत आलो होतो, आणि तिचं नाव घेऊन तिला कोणी एकदाही विचारलं नव्हतं. ती झाडाखाली आहे की नाही, हे कोणाला ठाऊक होतं? ती गाते आहे म्हणजे असणार, एवढंच. माझ्या मनात हे कधी आलं नाही, ह्याचं मला त्या क्षणी फार वाईट वाटलं.

जवाब आला नाही. चंदाने पुन्हा विचारलं. पुन्हा काही नाही.

टोपल्या टाकून आम्ही साऱ्या पळालो. काट्यांतून, झुडपांतून, मोहाची फुलं पायाखाली चिरडत, सगळ्या दिशांनी एका झाडाकडे. चंदा सगळ्यांच्या पुढे.

गुणाबाई झाडाला टेकून बसली होती. टोपली बाजूला, अर्धी भरलेली. पदर तोंडात कोंबून ती रडत होती, सोमारी गेली तेव्हापासून कोणी तिला रडताना पाहिलं नव्हतं. आम्हाला सगळ्यांना धापा टाकत आलेलं पाहून तिने पदर काढला. काहीतरी जुळवायचा प्रयत्न केला, तो जमला नाही.

"आहो," ती म्हणाली. "मी आहो वो बायांनो."